कवळीवाल्या ताईंचा मांडव

ती कवळ्या करायची. डॉक्टरांकडून साचे यायचे, त्यावर घरामागच्या खोलीत ती एकेक दात बसवायची. तोंडात काय टिकतं याबाबत तिचा शब्द डॉक्टरही मानायचे. त्यामुळे वेलाला मांडव घालणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं तिला वाटलं.

वेल होता थोरल्या भावाचा. पायातला जोर गेल्यावर तो तिच्याकडे राहायला आला आणि आल्या आल्या अंगणात मधुमालती लावून बसला.

"हिला चढायला काहीतरी कर गं," तो म्हणाला.

तिने खोक्यांच्या फळ्या ठोकल्या, वर हिरवा रंग फासला. पावसाळ्यात मांडवाचे पाय मातीत कुजले आणि तो वेलासकट आडवा झाला. मग लोखंडी सळ्या आणल्या. त्या गंजल्या, पांढऱ्या भिंतीवर तांबडे ओघळ उतरले.

"भिंतीचा घोळणा फुटलाय जणू," दादा म्हणाला.

वखारवाल्याने सरळ सांगितलं, "सागवान घ्या. पाय तेवढे मातीत नको." पण असं कुणाचं ऐकलं तर ती कसली जाणकार! तिने सागाचा तुकडा, बांबूची कांडी आणि तार मागून आणली, आणि कवळ्या ज्या भांड्यात उकळून पक्क्या करायची त्याच भांड्यात संध्याकाळभर उकळली. काही वर्षांचं ऊनपाऊस एका दमात, असा हिशोब. निकाल एवढाच लागला की सगळं ओलं झालं.

दोन-चार दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. "ताई, आजोबा म्हणतायत, कवळी घातली की कपाटात तोंड घातल्यासारखं वाटतं."

तिने निमूट कवळी पुन्हा केली, नवं भांडं आणलं आणि वखारीत जाऊन सागवानच घेतलं. चौकटीला तेल पाजलं, पाय जस्त चढवलेल्या पट्ट्यांत धरून सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवले, मधे न गंजणारी तार ओढली. दादा खुर्चीतून स्क्रू पुरवत होता. कवळीचा चावा केसभर चुकला तरी जिला जेवण जात नसे, तिचा मांडव चांगला एका अंगाला कलला.

"दमलाय बिचारा," दादा म्हणाला.

वेल वर चढला. एका सकाळी कळ्या बघायला दादा उठला आणि त्याचा गुडघा वाकला. खिडकीतून तिला दिसलं, त्याने दोन्ही हातांनी खांब धरला होता. मांडव करकरला, पण हलला नाही. ती धावत पोचेपर्यंत तो उभा होता, केसांत पानं अडकलेली.

"लागलं का रे?"

"नाही. मी ओढल्यामुळे मांडव सरळ झालाय का, ते बघ."

झाला नव्हता. तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि वखार गाठली. दारापासून मांडवापर्यंत कठडा करायचा होता.

"वेल एवढा पसरला?" वखारवाल्याने विचारलं.

"वेलाला नाही, भावाला हवाय," ती म्हणाली. "आणि कठडा तुमच्या सुताराकडूनच लावून द्या. मी फक्त दात सरळ बसवते."