भावकाकांचे कोरे रकाने

जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या किमती सांगणारं एक छोटं पुस्तक दर वर्षी निघायचं. निळ्या पुठ्ठ्याचं, खिशात मावेल एवढं. त्यातले सगळे आकडे एकच माणूस ठरवायचा. छापखान्यात त्यांना भावकाका म्हणत. "घरी कुणी भाव देत नाही, निदान इथे नावात तरी आहे," असं ते स्वतःच म्हणायचे. त्यांच्या बायकोच्या कानावर हे गेलं, तेव्हा तीही हसली होती.

मुळात ते मेकॅनिक. वीस वर्षं गाड्यांखाली पाठीवर पडून काढली, मग पाठीनंच दगा दिला. छापखान्याच्या मालकाची गाडी ते सांभाळायचे, म्हणून त्यानं हे बसून करायचं काम त्यांना दिलं. पहिली चार-पाच वर्षं काकांनी जीव ओतला. कुठे जुनी गाडी विकली जातेय कळलं की हे हजर. खिशात एक चुंबक असायचं. पत्र्याला ते चिकटलं नाही की ओळखायचं, रंगाखाली पुट्टी भरलीय. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वेगवेगळं गाठून खरा आकडा काढून घ्यायचे, कारण दोघंही पहिल्यांदा थापच मारतात.

पुढे पाय कुरकुरायला लागले आणि कामं फोनवर होऊ लागली. दलाल सांगत तो आकडा मागितलेला असे, मिळालेला नसे. काकांना हे कळत नव्हतं असं नाही. ते त्यातला दहावा हिस्सा कापत आणि पुढच्या ओळीकडे वळत. काही गाड्या तर इतक्या दुर्मिळ की वर्षानुवर्षं एकही विकली जात नसे. तिथे मागच्या वर्षीचा आकडा बोटभर वर सरकवायचा, झालं. रिकामा रकाना बरा दिसत नाही, असं मालकाचं मत होतं. विमावाले तेच पुस्तक उघडत, वाटणीला बसलेले भाऊ तेच उघडत, आणि दलालही गिऱ्हाइकापुढे तेच उघडत. म्हणजे बाजार पुस्तकाला विचारून भाव सांगायचा आणि पुस्तक बाजाराला विचारून भाव छापायचं.

एके दुपारी एक बाई छापखान्याचा जिना चढून वर आल्या. साठी उलटलेल्या, इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांनी कापडी पिशवीतून अकरा निळी पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. प्रत्येकात एकाच ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

मग त्यांनी सगळं सांगितलं. नवऱ्यानं तरुणपणी एक दोन सीटांची गाडी घेतली होती. अकरा वर्षांपूर्वी एक माणूस तिला सहा लाख द्यायला तयार होता. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, नवऱ्याचं हृदय अधू. गाडी विकून त्यात भर घालायची आणि तळमजल्यावर जागा घ्यायची, असं दोघांचं ठरत आलं होतं. पण पुस्तकात सात लाख होते. नवरा म्हणाला, थांबू. पुढच्या वर्षी सव्वासात झाले. दर वर्षी पुस्तक आलं की तो रेघ मारायचा आणि बायकोला दाखवायचा, बघ, वाढतेय. तीन महिन्यांपूर्वी तो गेला. शेवटच्या आठवड्यापर्यंत तो जिना चढत होता, प्रत्येक मजल्यावर थांबून. आता गाडी बघायला पाच जण येऊन गेले. अडीच लाखांच्या वर कुणी बोलत नव्हतं आणि पुस्तकात नऊ लाख होते.

"मी भांडायला नाही आले," बाई म्हणाल्या. "एवढंच सांगा, ही गाडी नऊ लाखांना कुणी घेतली?"

काकांनी नोंदवही उघडली. त्यात काय नाही हे त्यांना पाठ होतं, तरी उघडली.

"कुणीच नाही," ते म्हणाले. "बारा वर्षांत या मॉडेलची एकही विक्री माझ्याकडे नोंदलेली नाही."

"मग हा आकडा?"

"माझा. मीच लिहिलाय."

पुस्तकं पिशवीत भरता भरता बाईंनी विचारलं, तुम्ही ही गाडी कधी बघितलीत तरी का? काकांनी नकारार्थी मान हलवली. "मग या बघायला," त्या म्हणाल्या.

रविवारी काका गेले. इमारतीच्या मागे पत्र्याचं शटर होतं, आत गाडी. वर्षानुवर्षं पुसून चकचकीत ठेवलेली. पाठीला न जुमानता ते फरशीवर आडवे झाले आणि खालून स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. तो बिस्किटात शिरावा तसा गंजलेल्या पत्र्यात शिरला. इंजिन मात्र मूळचं होतं, ठणठणीत. खाली जे दिसलं ते त्यांनी उठून हात पुसता पुसता जसंच्या तसं सांगितलं.

"तेव्हाचे सहा लाख बरोबर होते का?" बाईंनी विचारलं.

इथे खोटं बोलणं सोपं होतं, आणि दयेचंही वाटलं असतं.

"बरोबरपेक्षा जास्तच होते," काका म्हणाले.

"मी तेव्हा म्हटलं होतं, देऊन टाका. ते म्हणाले, तुला धीर नाही." बाईंनी शटर ओढून घेतलं. "माझं चुकलं नव्हतं, एवढं तरी कळलं."

त्या आठवड्यात काकांनी पूर्ण पुस्तक नव्यानं तपासलं. दोनशे चौदा मॉडेलांपैकी त्र्याऐंशींची विक्री दोन वर्षांत कुठेच सापडली नाही. त्या रकान्यांत त्यांनी 'विक्री आढळली नाही' असं लिहिलं. मालक चिडला. कोऱ्या जागेचे पैसे कोण देणार, लोकांना आकडा हवा असतो, असं त्याचं म्हणणं. काका म्हणाले की माझ्याकडे आकडा नाहीच, तर देऊ कुठून. छपाईची तारीख डोक्यावर होती म्हणून पुस्तक तसंच निघालं. खप तिसऱ्या हिश्श्यानं घसरला. दलालांनी फोनवर काकांचा उद्धार केला. विमा कंपनीतल्या एकानं तर खासगीत विचारलं, कागदावर नको, पण तोंडी एक आकडा सांगाल का? पुढच्या वर्षी मालकानं काम दुसऱ्याला दिलं आणि सगळे रकाने पुन्हा भरले.

बाईंची गाडी अखेर सव्वातीन लाखांना गेली. काकांनीच एक लेथ चालवणारा शोधला. त्याच्याकडे तेच मॉडेल होतं, पत्र्यानं धडधाकट, पण इंजिन तडकलेलं. तळमजल्याच्या जागेला ते पैसे पुरणार नव्हते. बाई तिसऱ्या मजल्यावरच राहिल्या. गुडघे माझे चांगले आहेत, म्हणाल्या.

काका आता लोकांच्या बोलावण्यावरून गाड्या बघायला जातात. बसनं जातात, सोबत एक पोतं नेतात आणि त्यावर पडून खालून बघतात. त्यांच्या नव्या वहीत प्रत्येक गाडीपुढे तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: मागितले किती, मिळाले किती, आणि मी स्वतः पाहिली का. परवा बाईंचाच फोन आला. त्यांच्या शेजाऱ्याच्या मेव्हण्याला एक जुनी गाडी घ्यायची होती आणि तो निळं पुस्तक घेऊन निघाला होता. बाईंनी त्याला दारातच थांबवून ठेवलं होतं. काकांनी पत्ता लिहून घेतला आणि बायकोला म्हणाले, जेवायला थांबू नकोस.