जवरीलाल शेठच्या खाऱ्या पाण्यातल्या पाहुण्या

आमचे जवरीलाल शेठ म्हणजे पाणी गाळून पिणारा माणूस. कांदा-लसूण वर्ज्य, मुंगी दिसली की पाय वाकडा टाकणार. अशा माणसाच्या नरडाण्याच्या कारखान्यात काचेच्या टाक्यांतून जिवंत कोळंब्या आल्या, तेव्हा पार दोंडाईचापर्यंत लोक हसले.

दोष मक्याचा. शेठ मक्याच्या स्टार्चची भुकटी करतात. समुद्रात तेलाची विहीर खणताना आत चिखलासारखं पाणी सोडतात, त्यात ती घालतात. पुढे तो चिखल समुद्रात टाकायचा, तर आधी समुद्राच्या जिवांना तो बाधत नाही हे दाखवावं लागतं. चिखल मिसळलेल्या पाण्यात कोळंब्या चार दिवस ठेवायच्या; निम्म्याहून जास्त जगल्या, तर माल पास.

"निम्म्या?" शेठ केमिस्ट दिपमालावर कडाडले. "आणि बाकीच्यांचं पाप कुणाच्या माथी? एक जरी मेली ना, तर माल जाणार नाही. मशीन बंद!"

झालं! शेठनी टाकीसमोरच खुर्ची मांडली. घरून शेठाणी मंजूवहिनींचा डबा तिथे यायचा आणि बराचसा तसाच परत जायचा. कोळंबीला हात लावायची मात्र हिंमत नाही, काचेतूनच चौकशी.

शेवटच्या दिवशी सकाळी तळाशी एक निपचित पडलेली दिसली, पांढरीफटक. शेठनी हात जोडले, क्षमा मागत "मिच्छामि दुक्कडं" पुटपुटले, डोळे पुसले आणि खरंच मशीन बंद करायला उठले.

दिपमालानं चिमट्यानं ती उचलली. आत काहीच नव्हतं.

"शेठजी, कात टाकलीय तिनं! ती बघा, कोपऱ्यात बसलीय. तुमच्या पाण्यात चक्क वाढतेय!"

एकही मेली नव्हती. शेठ लहान पोरासारखे नाचले. कारखानाभर जिलेबी वाटली.

"आता यांचं काय करायचं?" दिपमालानं विचारलं.

"पाहुण्यांना घरी पोचवायला नको?"

बादली घेऊन दोघं सुरतेच्या गाडीत बसले. शेजारच्यानं आत डोकावून भाव विचारला, तर शेठ त्याच्याशी भांडलेच.

डुमसच्या किनाऱ्यावर बादली उपडी केली. एक कोळंबी तळाला चिकटून राहिली. शेठनी इकडेतिकडे पाहिलं, बादलीत हात घातला आणि तिला अलगद ओंजळीत घेतलं. आनंदात ते नेहमी खान्देशीवर येतात.

"जाय वं माय," ते म्हणाले. "आमना माल आते तुना दारवर येई. काही तरास व्हई ते सांगजो."