बंद खाणीचे मुकादम

आमचे सासरे समोरच्याच्या हातात दगड दिल्याशिवाय बोलायला सुरुवात करत नसत. मी मुलगी पाहायला गेलो, तर चहाच्या आधी त्यांनी मला नारळाएवढा दगड दिला. हात खाली गेला. "जड लागला न? शिसं हाय त्याच्यात. अन् शिशाच्या पोटात चांदी." मी पोरगी पाहायला गेलतो, त्यांनी आधी खाण दाखवली.

गाव त्यांना मुकादम म्हणे. कारंज्याकडच्या टेकडीत एका कंपनीने खाण काढली होती, तिचे हे मुकादम. पाणी लागलं, कंपनीला परवडेना. साहेब गेला, पंप घेऊन गेला, मुकादम तेवढा न्यायचा विसरला. मजूर नाहीत, पगार नाही, पण हे रोज सकाळी फेटा बांधून खाणीवर हजर. पगार घेणारा माणूस इतका वक्तशीर मी पाहिला नाही.

दगडातलं मात्र त्यांना भारी कळे. मी चौथी नापास, तरी मला ते पाठ झालं. आपला सगळा मुलूख काळ्या दगडाचा. त्या टेकडीत तेवढी पांढऱ्या गारगोटीची शीर आणि तिच्यात करडे चमकते दाणे. कसेही फोडा, चौकोनीच फुटतात. "चांदी एकटी नाई राहत, जवाईबापू. शिशाच्या आसऱ्यानं राह्यते." एकदा त्यांनी हाडांच्या राखेची वाटी केली आणि दिवसभर भाता मारून तिच्यात शिसं वितळवलं. शिसं वाटीत मुरलं, तळाला मोहरीएवढा पांढरा दाणा उरला. मी म्हटलं, "मामाजी, याच्यात उंदराच्या कानातलंबी नाई होत."

"दिसली न? मंग झालं."

लग्नाला दोन वर्षं झाली असतील. सरकारी साहेब खाण पाहायला येणार असा निरोप आला. खाण पुन्हा चालू करायची की कायमची बंद, हे तो ठरवणार. मुकादम त्याला आणायला आदल्या दिवशीच कारंज्याला जाऊन बसले. माझी बायको शांता माहेरी आलेली. साहेब येणार म्हणजे घर सारवतात, तिने खाणही सारवली. तोंडाशी रांगोळी, आत दहा हात भिंतीला शेण आणि त्यावर चुना.

साहेबाने आत बत्ती नेली. "शीर कुठे आहे?"

शीर चुन्याखाली होती.

साहेबाने हातोडीने थोडं खरवडलं, चार ओळी लिहिल्या, चहा पिला आणि गेला. पुढे कागद आला : कायमची बंद.

शांता रडून बेजार. "बाबा, माह्यामुळं झालं." त्यांच्या जागी मी असतो तर गाव गोळा केलं असतं. मुकादम म्हणाले, "खाण सजली मात्र, पोरी. कंपनीच्या साहेबानंबी अशी नाई पाह्यली."

मला मात्र आयतं हत्यार सापडलं. भाजी खारट झाली की मी म्हणायचो, "बापाची खाण बुजवली, आता मले बुजवतं का?" एरवी कशाने गप्प न बसणारी बाई गप्प व्हायची.

मुकादम शेवटच्या दुखण्यात पडले तेव्हा मला जवळ बसवून म्हणाले, "शीर कंपनीच्या टायमालेच संपली होती. आत जाऊन बोटभर झाली, मंग तेबी नाई. म्या डोयानं पाह्यलं. साहेबानं तेच लिवलं असन. चुन्याचा काई दोष नाई."

"मंग रोज फेटा बांधून काऊन जात होते?"

"मुकादम होतो न." मग म्हणाले, "शांतीले तुमी सांगजा. म्या सांगतलं तं ते म्हणन, बाप समजूत काढून राह्यला."

मी हो म्हटलं. ते गेले. तेरवी झाली की सांगू म्हटलं, मग पेरणी झाली की. मग भांडण झालं आणि हातातलं एकुलतं हत्यार टाकायचं जिवावर आलं. असं करत सारा संसार झाला.

मागच्या हिवाळ्यात शांता दवाखान्यात होती. सकाळीच तिच्याजवळ बसलो आणि म्हटलं, "शांते, तुया बापाच्या खाणीचं सांगाचं होतं."

तिने डोळे मिटले. "आजबी टोमणा? राहू द्या न आता."

मी राहू दिलं. दुपारी ती गेली.