लोटन पाटकऱ्याची काठी

लोटन भिका सत्तावीस वर्षं पाटकरी होता. साक्री तालुक्यात पांझरा नदीवर एक जुना दगडी बंधारा आहे. तिथून निघालेला मातीचा पाट दीड कोस जातो आणि चार फडांना पाणी देतो. एका फडात वीस-पंचवीस जणांची वावरं असतात, पण पीक सगळ्यांनी एकच घ्यायचं आणि पाणी पाळीनं घ्यायचं. पाळी पंच ठरवत. पाणी वावरापर्यंत नेऊन द्यायचं काम पाटकऱ्याचं. त्याबद्दल खळ्यावर ज्यानं त्यानं त्याला धान्य द्यायचं. लोटनचा बाप भिका हाही पाटकरीच होता.

लोटन ठेंगणा आणि काटक होता. दिवसाचा अर्धा वेळ पाटात जाई, म्हणून चपला पायात कमी आणि हातात जास्त. त्याच्या बायकोचं, नर्मदाबाईचं, म्हणणं असं की या माणसाच्या चपलांचे तळवे नाही झिजत, पट्टे झिजतात.

दसरा झाला की पाट साफ करायचा. ज्याची जेवढी जमीन, तेवढा पाटाचा तुकडा त्याच्या वाट्याला. तुकडा साफ झाला की लोटन पाच हात लांबीची बांबूची काठी घेऊन पाटात उतरे आणि ती आडवी धरी. दोन्ही टोकं कुठे अडली नाहीत की काम पास. अडली तर मालक निमूटपणे फावडं उचले आणि काठ आणखी तासे. काठीशी कोणी वाद घालत नसे; ती अडू नये म्हणून जो तो काठ जरा जास्तच तासे.

सन शहाऐंशीच्या हिवाळ्यात शेवटच्या फडात पाणी पोचेना. तिथे चिंधाचा अडीच बिघे गहू होता. त्याच्या दोन पाळ्या कोरड्या गेल्या. आधीच्या वर्षांतही शेवटच्या फडाची ओरड होतीच, पण पीक कसंबसं निघे. या वेळी गहू पोटरीत असतानाच, ओंबी बाहेर पडण्याआधीच, पिवळा पडायला लागला. चिंधा पंचांकडे गेला आणि मारुतीच्या पारावर बैठक बसली.

पंचांमध्ये रुपचंद नाना वडील. ते म्हणाले, "पाट पहिले पाच हात व्हता. आते आठ हात शे. मंग पाणी जास्त मावाले पाहिजे. ते जास कोठे?"

"कोठे जास ते लोटनआबाले इचारा," चिंधा म्हणाला. "पाटसंगे पाटकरीबी रुंद व्हयना शे."

लोटनच्या फासळ्या मोजता येत होत्या, तरी लोक हसले. बोलण्याचा रोख सगळ्यांना कळला होता. लोटन वरच्या फडवाल्यांना चोरून पाणी देतो, असं चिंधाला म्हणायचं होतं. पंचांनी ठरवलं की शेवटच्या फडात पाणी पोचलं नाही तर होळीपासून दुसरा पाटकरी.

दुसऱ्या दिवशी लोटन बंधाऱ्यापासून खाली चालत निघाला. प्रत्येक बारं, म्हणजे पाटातून वावरात पाणी घ्यायचं तोंड, त्यानं वाकून पाहिलं. कुठेही फोडलेलं नव्हतं. बंधाऱ्याच्या खाली शंभरेक पावलं पाट काळ्या खडकातून कापलेला आहे. कोणाच्या वाट्याला तो तुकडा येत नाही, कारण खडकाला फावडं लागत नाही. तिथे उतरताना लोटनच्या हातातली एक चप्पल पाण्यात पडली आणि सुसाट निघाली. पाणी गुडघ्याला होतं. तो धावला, पण खडकात त्याला ती गाठता आली नाही.

खडक संपून माती लागली तशी चप्पल मंदावली. पुढे पाट फाकला होता. चप्पल या काठाकडे जरा रेंगाळली, मग त्या काठाकडे, आणि शेवटी मधोमध गाळावर चढून बसली. लोटन तिच्याजवळ पोचला तेव्हा पाणी त्याच्या घोट्यालाही लागत नव्हतं.

तो परत वर गेला. मुद्दाम दुसरी चप्पल सोडली. पुन्हा तसंच झालं. तेच पाणी, मध्ये कोणी एक ओंजळही काढलेली नाही, आणि वर गुडघा, खाली घोटा.

मी त्याच गावचा. पुढे डिप्लोमाला असताना मी तो पाट टेप लावून मोजला. रुंद आणि उथळ पाटात पाण्याला माती जास्त लागते. ते हळू जातं, जास्त मुरतं आणि बरोबरचा गाळ वाटेतच टाकतं. गाळानं तळ वर येतो. पाणी काठावरून जाऊ लागलं की जागा व्हावी म्हणून लोक काठ तासतात आणि पाट आणखी उथळ होतो. लोटनला हे दोन चपलांवर कळलं. टेप लावूनही मला त्याहून वेगळं काही सापडलं नाही.

घरी आल्यावर त्यानं कोपऱ्यातली काठी उचलून उभी धरली. नर्मदाबाईनं ओल्या चपलांकडे पाहिलं. "तुमले चप्पल सांभाळता येस नही, पाट काय सांभाळशात?"

"बापनी काठीले खाच व्हती," लोटन म्हणाला.

भिका काठी आधी उभी करायचा. तिच्यावर त्याच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर खाच होती. तळाला काठी टेकवली की खाच काठाच्या बरोबरीला यायला हवी. खाच काठाच्या वर राहिली तर तळ उपसायचा. मग काठी आडवी. ती काठी किडली तेव्हा लोटननं तेवढ्याच लांबीची नवी तोडली आणि खाच पाडली नाही. आता तिला नऊ वर्षं झाली होती.

पुढच्या बैठकीत तो एवढंच म्हणाला, "तळ काढा. खडकमा शे तितला खोल करा. पाणी पोचस का नही ते मंग देखा."

लोकांनी ऐकून घेतलं नाही. काठ तासणं सोपं, तासलेली माती पायानं सारता येते. तळाचा गाळ घमेल्यात भरून वर फेकावा लागतो, पाठ मोडते. रुपचंद नाना म्हणाले, "आठ हात रुंद करीसनबी तुनं मन भरनं नही? इतला वरीस खोल नही लागना, आतेच कसा लागना?"

लोटन इथेच थांबला असता तर खाचेची आठवण कोणालाच झाली नसती. पण मग तळही कोणी काढला नसता.

"इतला वरीस नही लागना, कारन मी मोजाच नही," तो म्हणाला. मग त्यानं खाचेची गोष्ट सांगितली.

"का नही पाडी खाच?" नानांनी विचारलं.

"उभी काठीवर भांडण व्हये. दर वरीस व्हये. आडवी काठीवर कोनी भांडे नही."

"म्हनजे नऊ वरीस तू आम्हले नुसती रुंदी दखाडी?"

"हां."

त्या दिवशी कोणी हसलं नाही. बंधाऱ्याचं तोंड तीन दिवस बंद ठेवलं. सगळ्या फडांची माणसं पाटात उतरली. तळाचा गाळ काढला, तो तासलेल्या काठांना परत लावला, चोपून घट्ट केला. काम करताना लोकांनी लोटनला बऱ्याच शिव्या दिल्या. तोही घमेलं उचलत होता. चौथ्या दिवशी पाणी सोडलं आणि पाचव्या दिवशी दुपारी ते चिंधाच्या वावरात शिरलं. निम्मा गहू हाती लागला.

पाणी पोचलं म्हणजे अट पूर्ण झाली, असं लोटनच्या भावकीतल्या दोघांनी पंचांना सांगून पाहिलं. नाना म्हणाले, अट चोरीसाठी होती. चोरी नव्हती हे मान्य. पण खालच्या फडानं नऊ वर्षं सोसलं, ते कोणाच्या खात्यावर टाकायचं? होळीला पाटकरी बदलला. काम चिंधाला मिळालं. पाण्यावाचून राहिलेला माणूस पाण्याकडे नीट लक्ष देईल, असा पंचांचा हिशोब होता.

लोटन लोकांच्या वावरात कामाला जाऊ लागला. पाटाच्या बाजूचा रस्ता त्यानं सोडला नाही, पण पाटात उतरत नसे. नर्मदाबाईच्या म्हणण्याप्रमाणे त्या वर्षी त्याच्या चपलांचे तळवे पहिल्यांदा झिजले.

दसऱ्यानंतर एका सकाळी चिंधा नवा बांबू आणि कोयता घेऊन त्याच्या दारात आला. बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलला. मग म्हणाला, "आबा, खाच कोठे पाडू?"

दोघं बंधाऱ्याखालच्या खडकात गेले. लोटननं चपला काठावर काढून ठेवल्या आणि तो कोरड्या तळाशी जाऊन उभा राहिला. चिंधानं बांबू त्याच्या पायाशी टेकवला आणि गुडघ्यापाशी कोयत्याची धार लावली.

"मना गुडघावर नको," लोटन म्हणाला. "मना बाप उंच व्हता. दोन बोटं वर ले."