गुणाजी धुरीची शुद्ध यादी

घाटकोपर पश्चिमेच्या टेकडीवर लोकसभेची निवडणूक सुरू व्हायची ती गुणाजी धुरीच्या दारात. उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, त्याची माणसं आधी गुणाजीच्या पत्र्याच्या ट्रंकेपाशी येत. ट्रंकेत सदुसष्टपासूनच्या मतदारयाद्या होत्या. मतदारसंघ मुलुंडपासून ट्रॉम्ब्यापर्यंत पसरलेला. त्यातलं गुणाजीचं राज्य म्हणजे एक शाळा, एक बूथ आणि अकराशे नावं. ही अकराशे माणसं तो चेहऱ्यानं ओळखत असे.

गिरणीत तो साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होता. युनियनच्या सांगण्यावरून बूथवर पोलिंग एजंट म्हणून बसू लागला आणि तिथंच रमला. एकाहत्तर साली तो चहा प्यायला बाहेर गेला तेवढ्यात लवू सावंत मत देऊन गेला. लवूला मरून दोन वर्षं झाली होती. सगळे हसले.

"वर मतदान नसतं वाटतं," कुणीतरी म्हणालं.

गुणाजी हसला नाही. लवूच्या तिरडीला त्यानं खांदा दिला होता.

तेव्हापासून यादी शुद्ध ठेवणं हे त्यानं आपलं काम मानलं. यादी तपासायला येणारा शाळामास्तर टेकडी चढून आला की गुणाजी त्याच्याबरोबर दारोदार फिरे. मेलेल्याच्या नावावर तांबडी पेन्सिल, टेकडी सोडून गेलेल्याच्या नावावर निळी. सहा महिने कुलूप दिसलं की नाव काढायचं, हा त्याचा नियम. रिकामं नाव कुणीतरी चोरतंच. मास्तरांचे कष्ट वाचत, त्यामुळे गुणाजी सांगेल ते ते लिहून घेत. सत्त्याहत्तरच्या लाटेत रांग विहिरीपर्यंत गेली आणि ऐंशीत ती निम्मी झाली, तेव्हाही टेकडीचा कौल त्यानं मोजणीच्या आधीच सांगितला होता. चूक वीस मतांच्या आतली.

ब्याऐंशीत गिरण्यांचा संप झाला. पगार बंद झाला तशी टेकडीवर कुलपं दिसू लागली. त्यातलं एक काशीराम घाडीचं. काशीराम गुणाजीच्या शेजारच्या साच्यावर काम करायचा, राहायचाही शेजारीच. बायको सुगंधाला घेऊन तो मालवणकडे गेला. त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर शिवदास मास्तर यादी घेऊन आले तेव्हा त्या कुलपाला आठ महिने झाले होते.

"येतील की ते परत," गुणाजीची बायको रत्नप्रभा म्हणाली.

"येतील हे यादीला कळत नाही गं. आज आहेत की नाहीत, एवढंच."

"शेजारी आहेत तुमचे."

"म्हणून वेगळा नियम लावू?"

त्यानं निळी पेन्सिल काढली. त्या दिवशी टेकडीवरच्या चौतीस खोल्यांतली नावं गेली.

त्यानंतर सहा महिन्यांनी काशीराम परत आला आणि मरोळच्या एका कारखान्यावर वॉचमन म्हणून लागला. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात, पंतप्रधानांच्या हत्येनंतरच्या त्या निवडणुकीत, तो नवा सदरा घालून बूथवर आला. नाव नव्हतं.

"काय रे, यादीत माका गाडलंस की काय?" तो गुणाजीला हसतच म्हणाला. "मी हंय उभो आसंय, आणि तुझी यादी सांगता मी नाय."

"सरकारी घोळ असतो," गुणाजी म्हणाला. "फॉर्म भरू या."

त्यानं फॉर्म भरला, पुढच्या यादीत काशीराम-सुगंधा दोघांची नावं आली. प्रकरण तिथंच मिटलं असं त्याला वाटलं.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये पाण्याच्या टाकीसाठी गुणाजीच्या बाजूच्या साठ खोल्या पाडायची नोटीस लागली. चौऱ्याऐंशीच्या मतदारयादीत नाव असेल त्याला मुलुंडकडे जागा, नसेल त्याला काही नाही. माणसं गुणाजीच्या दारात आली. तो एकेकाला यादीतला नंबर लिहून देत होता. शेवटी सुगंधा आली.

"भावजी, आमचो नंबर?"

रत्नप्रभा चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही.

गुणाजीनं ऐंशीची यादी काढली, शहाऐंशीची काढली, दोन्हींतली नावं दाखवली आणि दुसऱ्या दिवशी काशीरामला घेऊन वॉर्ड ऑफिसात गेला. टेबलावर विद्याधर नावाचा तरुण अधिकारी होता. त्यानं दोन्ही याद्या सभ्यपणे पाहिल्या.

"आधी आहेत, नंतर आहेत. मधल्या यादीत का नाहीत?"

"गावी गेले होते."

"मग तसंच असणार ना. राहत नव्हते."

"खोली यांचीच होती. सामान आत होतं. नाव काढायला मी सांगितलं, साहेब. मास्तरांनी माझ्या शब्दावर लिहिलं. माझी चूक."

काशीरामनं त्याच्याकडे पाहिलं.

"लेखी द्या," अधिकारी म्हणाला. "पण तुमच्या लिहिण्यानं यादी बदलत नाही. छापली गेली."

गुणाजीनं लेखी दिलं. उतरताना जिन्यात काशीराम थांबला.

"तीन वर्सां. एका भिंतीआड रवलंव. सांगूक काय झाला होता तुका?"

गुणाजीला फक्त मुलुंडला मिळणारी आपली खोली दिसत होती. त्या संध्याकाळी त्यानं शेजारी जाऊन सांगितलं, मुलुंडच्या खोलीत दोन्ही घरं राहू. सुगंधानं दार अर्धंच उघडलं.

"तुमच्या यादीत आमी नाय ना? मग तुमच्या खोलीत कशाक?"

मे महिन्यात खोल्या पडल्या. काशीराम खारदांड्याला मेहुण्याकडे गेला असं कळलं. तिथून पुढं कुठं, ते गुणाजीला कुणी सांगितलं नाही. ट्रंक मुलुंडला आली. उघडायचं काही कारण उरलं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीच्या शेवटी नव्या वसाहतीतही यादी तपासायला तिथले एक मास्तर आले. गुणाजीचं नाव ऐकून तेच मदतीला बोलवायला आले. शेजारच्या खोलीला आठ महिने कुलूप होतं. त्यातली माणसं खोली तशीच टाकून गेली होती, ती परतणार नाहीत हे सगळ्या वसाहतीला माहीत होतं.

"हे कुठं गेलेत, धुरी?"

"बाजारात," गुणाजी म्हणाला. "येतील."

मास्तरांनी बरोबरची खूण केली आणि पुढच्या दाराकडे वळले. गुणाजी त्यांच्याबरोबर गेला नाही.