गावरान आणि गायरान

मी दुसरीपर्यंत शिकलो. तेवढ्यावर मला मोठं अक्षर वाचता येतं, सही करता येते, आणि कुणी अडाणी म्हटलेलं खपत नाही. चाकूरकडचं गाव सोडून लातुरात लेकाकडं राहायला आलो, तेव्हा गच्चीवरून कॉलनीची मोकळी जागा दिसायची. बागेसाठी सोडलेली, पण तिथं नुसती वेडी बाभूळ नि कचरा.

मग दर रविवारी सकाळी काही लोक टिकाव-फावडी घेऊन येऊ लागले. शाळेतल्या एक मॅडम, एक शिंपी, बँकेतला एक जण, आणखी चार-दोन. त्यांनी वेडी बाभूळ मुळासकट काढली, खड्डे घेतले. मी भिंतीबाहेरून विचारलं, "गुलमोहर लावणार ना?"

"नाही आजोबा, तो बाहेरदेशचा," मॅडम म्हणाल्या. "आपण इथलीच झाडं लावणार. आपटा, शिवण, करंज, बोर."

"बाहेरदेशचा? आमच्या शाळेपुढं होता तो. माझ्या जन्माआधीपासून."

"तुमच्या आधी असेल, आपट्याच्या आधी नाही."

सगळे हसले. मला ते पटलं नाही, आजही पटलेलं नाही. पण घरात बसून बेजार झालो होतो. पुढच्या रविवारी फावडं घेऊन मीही गेलो, आणि हळूहळू रोजच्या पाण्याचा जिम्मा माझ्याकडंच आला. उन्हाळाभर पाइप ओढत मी एकेका आळ्यात पाणी सोडलं. सून म्हणायची, "मामा, दारातल्या तुळशीलाही घाला की कधी." माझं एकही रोप वाळलं नाही. हे मी सगळ्या कॉलनीला सांगितलं.

पावसाळ्याच्या तोंडाला पाटी लावायचं ठरलं. वर मोठ्या अक्षरात 'गावरान', खाली 'राखीव जागा'. पेंटरनं रंगवून दिली, शिंप्यानं तारेनं बांधली, सगळ्यांनी फोटो काढले. काय लिहायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून काय लिहिलंय ते कुणी वाचलंच नाही. मीही नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी पाणी घालायला गेलो, तर आत शेळ्या. आपट्याचे शेंडे गेलेले, शिवण पार सालीपर्यंत खाल्लेली. रस्त्यापलीकडच्या वस्तीतली एक म्हातारी काठी टेकून निवांत बसली होती.

"ओ अक्का, शेळ्या काढा आधी!"

"का म्हणून? गायरान हाय. पाटी लावलीय की सरकारनं."

"गावरान लिहिलंय ते. गावरान झाडं."

"चहावाल्यानं वाचून सांगितलंय मला, गायरान म्हणून. तुमाला वाचता येतं का?"

हे मात्र लागलं मला. ताडताड पाटीपाशी गेलो. अक्षरावर बोट ठेवून वाचलं. गा. य. रा. न. पुन्हा वाचलं. 'य'च होता. म्हातारीला वाचता येत नव्हतं, मी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण मला वाचता येतं म्हणून सांगायचं आणि वाचायचं खोटं, हे माझ्याच्यानं झालं नाही.

"गायरानच लिहिलंय," मी म्हणालो. "पण चुकून."

"सरकार चुकतंय व्हय?"

"सरकार न्हाई, पेंटर."

"मग पेंटरशी भांडा जाऊन. तवर खाऊ द्या माझ्या शेळ्यांना. इथल्या बाभळीच्या शेंगांवर त्या उन्हाळा काढायच्या. ती तोडली तुमी. आता पाटी लावून बोलावलं, आले, तर हाकलून राहिलात."

मी शेळ्या तेवढ्या हातानं ओढून बाहेर काढल्या. तिनं मला आणि पेंटरला एकत्रच शिव्या दिल्या.

रविवारी मी सगळं सांगितलं. मॅडमनी पाटी बघून कपाळावर हात मारला. बँकवाला म्हणाला, तक्रार करू, काटेरी तार ओढू. एवढ्यात म्हातारी शेळ्या घेऊन पुन्हा हजर. आम्ही आळ्यांतलं गवत उपटून ढीग घातला होता, तो बघून थबकली.

"हे कुठं टाकून राहिलात?"

"घंटागाडीत," शिंपी म्हणाला.

"हिरवं गवत? घंटागाडीत?"

तिथंच बोलणं जमलं. शेळ्या बाहेर खांबाला बांधायच्या, आतलं गवत तिनं विळ्यानं कापून न्यायचं. मॅडम म्हणाल्या, कडेनं तुमच्या शेळ्यांसाठी शेवरी लावू, तीही इथलीच. म्हातारीनं एकच अट घातली. पाटीला हात लावायचा नाही.

"उद्या तुमच्यातलं कुणी नसलं, अन् मला हाकललं, तर मी काय दाखवू?"

मॅडमना ते जड गेलं. पोरांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासणारी बाई, तिच्याच बागेला चुकीची पाटी. पण मी म्हणालो, अक्का, राहील पाटी. म्हणालो म्हणजे म्हणालो. पुढं पेंटर दोनदा ब्रश घेऊन आला, दोन्हीदा मी त्याला चहा पाजून परत पाठवला.

पावसात आपट्याला बुडातून फूट आली. शिवण गेली. मॅडमनी तिचं नवं रोप आणलं, मी त्याच जागी खड्डा उकरायला बसलो. म्हातारी गवताचा भारा बांधत होती. तिथूनच ओरडली, "अहो दादा, तिथं नका लावू. भिंतीवर पाय देऊन माझी काळी शेळी मान आत घालती. जरा आत सरका."

मी सरकलो.