भट्टीवाल्याची झोप

भट्टीवाला रात्रभर बेकरीत पाव भाजायचा आणि दिवसा झोपायचा. घरात एकच खोली, तिला एकच खिडकी, खिडकीवर जाड चादर. बायको सकाळीच लॉन्ड्रीत कामाला जायची. त्याची झोप होईपर्यंत सहा वर्षांच्या लेकीला, ठकीला, गुंतवून ठेवण्यात त्याच्या आईचा हातखंडा होता. गेल्या महिन्यात आई गेली. आजी कुठंय, असं ठकीनं विचारलं तेव्हा त्याला तो शब्द काही उच्चारवेना. "आजी झोपली, बाळा. आता उठायची नाही," असं सांगून तो मोकळा झाला. मोकळा कसला, तिथंच अडकला.

कारण तेव्हापासून ठकी त्याला झोपू देईना. डोळा लागला की दोन बोटांनी पापणी उघडायची. "बाबा, उठतोस ना?" तो उठून बसला की खूश. घोरायला लागला की बोटं पुन्हा हजर. एकदा वैतागून त्यानं तिला बाहेर खेळायला पिटाळलं, तर ती दारावर थापा मारत बसली.

बेकरीत त्याला उभ्या उभ्या डुलक्या येऊ लागल्या. परवा तापलेला ट्रे मनगटाला चिकटला. मुकादम म्हणाला, "तुला पाव भाजायला ठेवलंय, स्वतःला नाही. घरी नीट झोप काढ, नाहीतर कायमचाच घरी बस."

"घरी झोप काढ म्हणे," पट्टी बदलून घेताना तो बायकोला म्हणाला.

"मग तिला खरं सांगा."

"तू सांग ना."

"झोपली म्हणून मी सांगितलं होतं का? निस्तरा आता." ती डबा उचलून कामावर गेली.

ठकी गादीच्या कडेला मांडी ठोकून बसली होती. पहारा सुरू.

"ठके, आजी झोपली नव्हती."

"मग?"

"मेली. झोपलेल्या माणसाची छाती चालू असते. आजीची बंद पडली. ती परत सुरू होत नाही."

"मी हलवून उठवलं असतं तर?"

"मी हलवलं. डॉक्टरांनीही बघितलं. नाही झाली सुरू. तुझ्यामुळे काही झालं नाही."

ठकीनं त्याच्या छातीकडे बघितलं. "तुझीपण बंद पडेल?"

नाही म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं. "कधीतरी पडेल. पण नुसतं झोपल्यानं नाही पडत."

"बघू." तिनं त्याच्या छातीला कान लावला. "वाजतंय."

"वाजणारच."

"तू झोप. मी ऐकते."

त्यानं डोळे मिटले. महिनाभर राखण करून दमलेली ठकी त्याच्या आधीच झोपली. तिचे केस त्याच्या नाकात जात होते, तिच्याखालचा हात बधिर झाला होता. आता उठवणारं कोणी नव्हतं, आणि आता कुठे त्याला आईसाठी रडू यायला लागलं. पण हुंदका दिला तर छाती हलणार, आणि ठकी जागी होणार. दात आवळून, हळूहळू श्वास घेत तो तसाच छताकडे बघत पडून राहिला.